राज्य कुणी बुडवलं आणि फास कुणाच्या गळ्यात?

‘बाईच्या नादी लागला आणि राज्य घालवून बसला.’ हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकलंय की ते तपासून बघावं असंही कुणाला वाटत नाही. म्हणून आज एका जुन्या प्रकरणाची फाईल उघडतोय. प्रकरण चीनचं आहे, साडेबाराशे वर्षांपूर्वीचं. तांग घराण्याचा सम्राट शुआनझोंग आणि त्याची लाडकी यांग ग्वेफेइ.

आधी एक गोष्ट. ‘ग्वेफेइ’ हे तिचं नाव नाही, पद आहे. दरबारात अधिकाऱ्यांना जसे दर्जे असत, तसे राजाच्या स्त्रियांनाही असत. हे पद त्यातलं अगदी वरचं. बाईचं नाव यांग युहुआन. ती आधी सम्राटाच्या सख्ख्या मुलाची बायको होती. बापाच्या मनात भरली, तेव्हा तिला संन्यासिनी करून आधीचा संसार कागदोपत्री मिटवला आणि ७४५ साली हे पद देऊन राजवाड्यात घेतलं. तो साठीचा, ती पंचविशीची. तिला कुणी विचारलं असेल असं वाटतं का?

मग व्हायचं तेच झालं. बहिणींना पदव्या, नातेवाइकांना पदं, तिच्या आवडीची लिची आणायला दक्षिणेतून घोडेस्वारांची डाक. हे काही खोटं नाही. उधळपट्टी झाली, वशिलेबाजीही झाली.

पण राज्य त्यानं बुडालं का? सह्या कुणाच्या आहेत ते बघू.

ती राजवाड्यात यायच्या आधीपासून ली लिनफू हा मंत्री कारभार बघत होता. ७३४ पासून मरेपर्यंत, जवळपास अठरा वर्षं. सरहद्दीवर पराक्रम गाजवून आलेला सेनापती उद्या आपल्या खुर्चीवर बसेल, ही त्याची भीती. म्हणून सरहद्दीवर चिनी नसलेले सेनापती नेमायचं धोरण त्यानं पुढे रेटलं. त्यांना दरबारात वर चढायला वाव नव्हता ना! त्यातलाच एक आन लुशान. त्याच्या हाती एक नाही, दोन नाही, तीन सरहद्द प्रांतांचं सैन्य दिलं गेलं. ही नेमणूक सम्राटाची. ग्वेफेइनं आन लुशानला मानसपुत्र केलं, हे खरं. पण मानसपुत्राला फौज कुणी दिली?

लीनंतर मंत्री झाला यांग ग्वोझोंग, ग्वेफेइचा नातलग. त्याचं आणि आन लुशानचं हाडवैर. ७५५ च्या डिसेंबरात आन लुशाननं बंड केलं. राजधानी चांगआनच्या वाटेवर तोंग खिंड होती. तिथला सेनापती म्हणत होता, खिंड सोडायची नाही, इथंच दम धरू. ग्वोझोंगला मात्र त्या सेनापतीचाच संशय. त्यानं सम्राटाकरवी ‘बाहेर पडून लढा’ असा हुकूम काढायला लावला. फौज सापळ्यात सापडून कापली गेली. खिंड पडली, राजधानी उघडी पडली.

सम्राट पळाला. मावेई इथं उपाशी, संतापलेल्या सैनिकांनी ग्वोझोंगला मारलं आणि मग ग्वेफेइचा जीव मागितला. सम्राटानं मान हलवली. गाओ लिशी या खोजानं तिचा गळा आवळला. वय असेल सदतीसच्या आसपास. सम्राटाची गादी गेली, पण तो निवृत्त सम्राट म्हणून राजधानीत परतला आणि ७६२ साली राजवाड्यात मेला.

बंड ७६३ पर्यंत चाललं. बंडाआधी सरकारी नोंदीत सुमारे ५ कोटी २९ लाख माणसं होती, ७६४ साली उरली १ कोटी ६९ लाख. सगळी मेली नाहीत. बरीच परागंदा झाली, आणि नोंद ठेवणारी यंत्रणाच मोडून पडली.

आता लोकांच्या लक्षात काय राहिलं? सुंदर बाई. चिनी भाषेत अतिसुंदर स्त्रीला ‘राज्य उलथवणारी’ म्हणायची पद्धत त्याही आधीची. ली लिनफूचं नाव तुमच्यापैकी किती जणांनी ऐकलं होतं?

त्याच चांगआनमध्ये पिंगकांग नावाची गणिकांची पेठ होती. सरकारी परीक्षा पास झालेली पोरं तिथं आनंद साजरा करायला जात. अधिकाऱ्यांच्या मेजवान्यांना बोलवायच्या गणिकांची तर सरकारदरबारी नोंद असे. म्हणजे बाई दप्तरात हवी, मेजवानीत हवी, आणि बुडालं की दोषालाही तीच हवी.

आपण हसायचं कारण नाही. १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा खून झाला. रामशास्त्र्यांनी दोषी धरलं राघोबादादांना. आपल्या तोंडी राहिलं काय? ‘ध चा मा’ आणि आनंदीबाई.

आमच्या धंद्यातही हेच चालतं. कुठलंही लफडं बाहेर आलं की आधी बाईचा फोटो शोधतात, फाईल नंतर. बाईचा फोटो खपतो हो, नेमणुकीचा आदेश खपत नाही. म्हणून वाचणाऱ्यांनाच विनंती आहे. अशी बातमी पुढे ढकलण्याआधी एवढंच विचारा : हुकूम कुणाचा होता, आणि त्याचं पुढे काय झालं?