व्याख्याने शहरात, विषय आमच्या घरातला!

विद्यापीठांतून दरसाल मानव्यविद्येच्या जाहीर व्याख्यानांची पत्रके निघतात. इतिहास, भाषा, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान असे भारदस्त विषय. वक्त्यांच्या नावांमागे पदव्यांची लांबच लांब शेपटे. आणि तळाशी एक ओळ : ‘सर्वांस मुक्त प्रवेश.’ हे ‘सर्व’ म्हणजे कोण, एवढाच आमचा आजचा प्रश्न आहे.

आम्ही अलोरे येथील साधे शाळामास्तर. शिक्षण मराठी अध्यापक विद्यालयातले. गेल्या साली असे एक पत्रक आमच्या हाती पडले. विषय होता जात्यावरच्या ओव्या. आमची आई पहाटे नाचणी दळता दळता ओव्या म्हणे, त्या ऐकत आम्ही लहानाचे मोठे झालो. तेव्हा रजा टाकली, रात्रीची एस. टी. धरली आणि शहर गाठले. दारावर ओळखपत्राची मागणी झाली. शाळेचे दाखविले, तेव्हा आत सोडले. वार बुधवार, वेळ दुपारी तीनची, खुर्च्या शंभर आणि माणसे पंचवीस. व्याख्यान सगळे इंग्रजीत. मधूनच एखादी ओवी मराठीत वाचावी आणि लगेच तिचा इंग्रजी अर्थ सांगावा, असा क्रम. वक्ता विद्वान होता, त्याची मेहनत खरी होती. आमचा राग त्याच्यावर नाही. परंतु जिच्या तोंडची ती ओवी, ती बाई त्या सभागृहात येऊन बसली असती तर तिला स्वतःचीच ओवी तेवढी कळली असती!

घरी आल्यावर आईने विचारले, “काय सांगितलं रे त्यांनी?” आम्ही लक्षात राहिलेली एक ओवी म्हणून दाखविली. ती म्हणाली, “हिला जोडून दुसरी म्हणतात. ती नाही सांगितली?” नव्हती सांगितली. वक्त्यास ती ठाऊकच नसावी. ज्या सभेत ती ठाऊक असणारी माणसे येऊ शकत नाहीत, तेथे ही उणीव भरून कोण काढणार? म्हणजे या व्यवहारात तोटा आमचा एकट्याचा नाही, विद्येचाही आहे.

हेमा राईरकर व गी पॉइटवँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह खेडोपाडी फिरून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. हे भांडार कोणाचे? नांगर धरणाऱ्यांच्या आणि जाते ओढणाऱ्यांच्या घरचे. आमच्या डोंगरापलीकडून कोयनेचे पाणी बोगद्यांतून इकडे उतरते, त्याची वीज होऊन शहरांकडे जाते आणि उरलेले अवजल वाशिष्ठीतून समुद्रास मिळते. विद्येचाही हाच न्याय चालू आहे. विषय आमच्याकडून जातो, उजेड तिकडे पडतो; आमच्या वाट्याला अवजल!

ही रीत आजची नाही. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले. १८७७ साली रा. गो. भांडारकरांनी भाषाशास्त्रावर विल्सन व्याख्याने दिली. त्यांत आपल्या देशी भाषांचा मोठा विचार झाला. पण झाला तो इंग्रजीत. पाचच वर्षांनी, १८८२ साली, जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे रोकडा सवाल टाकला. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि तो उच्च शिक्षणावर खर्च होऊन मूठभर वरच्या वर्गांच्या कामी येतो, हा कुठला न्याय? इतकी वर्षे उलटली, परकी राज्य गेले. आज विद्यापीठांत आमची मुलेही शिकतात, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु ‘जाहीर’ व्याख्यान अजूनही जाहीर झालेले नाही.

कोणी म्हणेल, विद्यापीठाने खेड्यात कसे यावे? त्यांस १८७३ हे साल दाखवावे. त्या साली केंब्रिज विद्यापीठाने डर्बी, लेस्टर, नॉटिंगहॅम अशा गिरण्या-कारखान्यांच्या शहरी आपले अध्यापक पाठविण्यास आरंभ केला. त्यामागे जेम्स स्टुअर्ट नावाचा प्राध्यापक होता. तो व्याख्यानाची छापील रूपरेषा श्रोत्यांच्या हाती देई, प्रश्न घाली, लेखी उत्तरे तपासून देई. रॉचडेल येथे त्याने आपली चित्रे व्याख्यानानंतर भिंतीवर राहू दिली, तर त्यांच्याभोवती कामकरी जमून चर्चा करू लागले! त्यातूनच व्याख्यानाला जोडून चर्चावर्ग घेण्याची पद्धत पडली. आणि याच १८७३ साली, २४ सप्टेंबर रोजी, पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन झाला. पुढे त्याचे जलसे गावोगाव गेले. मुकुंदराव पाटलांनी तरवडीसारख्या खेड्यातून ‘दीनमित्र’ चालविला. बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या राज्यात पुस्तकांच्या पेट्या खेड्यांत फिरत. पेटी फिरू शकते, जलसा फिरू शकतो, मग प्राध्यापकच का फिरू शकत नाही?

दुसरा आक्षेप असा, की खेडुतांस हे विषय समजणार नाहीत. ज्याने कोकणातला शक्ती-तुऱ्याचा सामना पाहिला नाही, तोच असे बोलेल. एका शाहिराने कूट घालावे, दुसऱ्याने ते फोडावे आणि चटईवर बसलेल्या शेतकऱ्याने पहाटेपर्यंत निवाडा करीत राहावे, अशी ही तालीम आहे. नमनाला रात्रभर बसणारा माणूस दीड तासाच्या व्याख्यानाला कंटाळेल काय? तो कंटाळेल ते न कळणाऱ्या भाषेला.

तिसरा म्हणतो, आता व्याख्याने मोबाईलवर दिसतात. दिसतात खरी. पण मोबाईलला आमच्या आईने ‘जोडून दुसरी आहे’ असे सांगितले, तर तो ऐकून घेईल काय?

कायद्याची अडचण म्हणावी तर तीही नाही. महाराष्ट्राच्या २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात आजीवन अध्ययन व विस्तार मंडळ आहे. मुंबई विद्यापीठात बहिःशाल शिक्षणाचे काम जुनेच आहे. त्याचे उपकेंद्र आमच्या जिल्ह्यात रत्नागिरीस आहे. घर बांधलेले आहे, दार उघडावयाचे राहिले आहे.

म्हणून आमचे मागणे थोडके आहे. जो विषय खेड्यातून उचलला, त्याचे एक तरी व्याख्यान त्याच मुलखात व्हावे. ते मराठीत व्हावे. भाताची कापणी-झोडणी उरकल्यावर, शिमग्याच्या आधी, रविवारी संध्याकाळी व्हावे. आठ दिवस आधी दोन पानांची रूपरेषा शाळेत पोहोचावी. ती वाचून दाखविण्याचे काम आम्हा मास्तरांचे. आणि व्याख्यानाइतकाच वेळ गावकऱ्यांच्या बोलण्यास ठेवावा, त्यात बायांस आधी बोलू द्यावे.

दोष सगळा विद्यापीठाचा, असेही आम्ही म्हणत नाही. पालखी कोणत्या वाटेने न्यावी यावर आपण चार-चार बैठका घेतो; पण गावात एखादा विद्वान बोलवावा, असा ठराव किती ग्रामसभांनी केला? मास्तर मंडळींनीही कधी पत्र लिहिले? मागितल्याशिवाय आईसुद्धा वाढत नाही.

तेव्हा पहिले पत्र आम्ही लिहीत आहोत. शाळेची खोली झाडून ठेवू, सतरंजी अंथरू, पाहुण्यास भात-आमटी आमच्या घरची. विद्यापीठाने फक्त एक माणूस पाठवावा, आणि त्याने येताना कोरी वही आणावी. सांगण्यासारखे त्याच्याजवळ पुष्कळ असेल. लिहून नेण्यासारखे येथेही काही थोडे नाही.

— एक शाळामास्तर, अलोरे (जि. रत्नागिरी)