खपलीचे वाण आणि तांबेऱ्याचे वंश

मा. कुलगुरू,
महात्मा फुले कृषी विद्यापीठ, राहुरी
यांस

मीरा-भाईंदर हे खाडी आणि मिठागरांच्या काठचे शहर गहू पिकवत नाही, केवळ खाते; तरीही गव्हावरील तांबेऱ्याविषयी हे पत्र येथून लिहिले जात आहे, कारण गिरणीवर ज्या खपली गव्हाची आता आवर्जून चौकशी होते, त्या गव्हाचा या रोगाशी जुना आणि अभिमानास्पद संबंध आहे.

तांबेरा लागलेल्या पानावरून बोट फिरवले तर बोटाला विटकरी भुकटी लागते. तिचा प्रत्येक कण म्हणजे बुरशीचा बीजाणू, जो वाऱ्यावर शेकडो मैल जाऊ शकतो. काळ्या तांबेऱ्याची बुरशी गहू, जव, ओट अशा अनेक तृणधान्यांवर जगते, परंतु तिच्यात पिकागणिक वेगळे गट आहेत, आणि गव्हावरच्या एकाच गटातही अनेक वंश आहेत. एखादा वंश ज्या वाणापुढे हतबल ठरतो, त्याच वाणाला दुसरा वंश सहज ग्रासतो. थंड देशांत या बुरशीचे लैंगिक पुनरुत्पादन दारुहळदीच्या जातकुळीतील झुडपांवर होते. भारतात मात्र त्या झुडपांचा रोगाच्या फैलावात वाटा नाही, हे डॉ. के. सी. मेहता यांनी दाखवून दिले. दक्षिणेत बुरशी निलगिरी-पळणीच्या थंड टेकड्यांत उन्हाळा काढते आणि तेथून वाऱ्याबरोबर उत्तरेकडे सरकते. म्हणून येथे नवे वंश मुख्यतः उत्परिवर्तनाने, म्हणजे जनुकातील आकस्मिक बदलाने, किंवा बाहेरून येऊन उभे राहतात.

हे वंश ओळखण्यासाठी अमेरिकेत मिनेसोटा येथे स्टॅकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1922 मध्ये गव्हाच्या 12 वाणांचा जो संच प्रमाण मानला, त्यात ‘खपली’ हे नाव होते. याच गव्हातून एसआर-13 आणि एसआर-14 ही प्रतिकारक जनुके पुढे आली. 1998-99 मध्ये युगांडात सापडलेल्या यूजी-99 या वंशाने जगभर भरवशाचे मानले गेलेले एसआर-31 हे जनुक निष्प्रभ केले, तेव्हा एसआर-13 मात्र त्याच्यापुढे टिकले.

मागणी वाढली की व्यापारी एकसारखा दाणा मागतो आणि शेतकरी एकाच वाणाकडे वळतो. सातारा, सांगली, कोल्हापूरच्या शेतांत पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या खपलीच्या बाबतीत तसे झाले, तर ज्या विविधतेतून हा प्रतिकार लाभला तीच आटेल. विद्यापीठाचे गहू गेरवा (म्हणजे तांबेरा) संशोधन केंद्र महाबळेश्वरी आहे. म्हणून विनंती अशी की, शेतकऱ्यांकडील खपलीचे गावोगावचे बियाणे वेगवेगळे ठेवून गोळा करावे, ते तेथे काळ्या आणि तपकिरी तांबेऱ्याच्या निरनिराळ्या वंशांसमोर तपासावे, आणि कोणते बियाणे कोठे टिकले याची यादी दरवर्षी मराठीत प्रसिद्ध करावी, म्हणजे पेरणाऱ्याला ती बियाणे निवडताना हाताशी राहील आणि शहरातल्या ग्राहकालाही गिरणीवर नुसती ‘खपली’ न मागता गावाचे नाव घेऊन ती मागता येईल.

कळावे,
मीरा-भाईंदर येथील एक नागरिक