लिंबाची साल आणि संग्राहकाची नजर

सतराव्या शतकातील डच वस्तुचित्रांच्या धर्तीवर आजही वास्तववादी तैलचित्रे काढली जातात आणि हौसेने संग्रहिली जातात. काळोखी पार्श्वभूमी, एका बाजूने येणारा प्रकाश, अर्धवट सोललेले लिंबू, चांदीचा पेला. एवढे जमले की चित्र 'डच' ठरते. या हौसेमागे हातच्या कसबाविषयी आस्था आहे, हे आम्हांला मान्य आहे. परंतु केवळ साधर्म्यावर भाळणारा संग्राहक ज्या परंपरेचे नाव घेतो तिलाच पारखा होतो, असे आमचे मत आहे.

पीटर क्लासचे १६२७ चे एक चित्र आम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे. त्यात लिंबू आहे, चिनी मातीचे भांडे आहे, कागदाच्या पुडीत मिरी आहे. या वस्तू त्याच्या काळात 'जुन्या' नव्हत्या. १६०२ साली स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीच्या व्यापाराने मिरी आणि चिनी भांडी त्या मेजावर आणली होती. याच कंपनीने १६३७ साली आपल्या वेंगुर्ल्यात वखार घातली. म्हणजे ते चित्र समकालीन होते. बाजारपेठेचा, नव्या श्रीमंतीचा आणि ती टिकणार नाही या धास्तीचा तो आलेख होता. साम्युएल फान होगस्ट्राटनने १६७८ मध्ये वस्तुचित्रकारांना कलेच्या सैन्यातले साधे शिपाई म्हटले खरे. पण काळाची साक्ष बहुधा शिपाईच देतात.

आजचा चित्रकार तोच पेला, तेच लिंबू मांडतो तेव्हा ती साक्ष उरते का? साहित्यात जुन्या वृत्तात जुन्याच प्रतिमा बसवणाऱ्या कवितेला आपण जो प्रश्न विचारतो, तोच इथे विचारावा लागतो. उलट, चिलीच्या क्लाउदिओ ब्राव्होने (१९३६–२०११) दोरीने बांधलेली कागदी पुडकी रंगवली. त्यांत डच सामग्री नाही, पण वस्तूकडे एकाग्रतेने पाहण्याची डच शिस्त आहे. जुन्या वस्तू रंगवूच नयेत, असे आम्ही म्हणत नाही. हॉलंडचाच हेंक हेल्मांटेल जुनी भांडी स्वतः जमवतो आणि रंगवतो. तिथे वस्तूंशी त्याचा सहवास आहे, उसनवारी नाही.

म्हणून संग्राहकाने चित्रापुढे उभे राहून लिंबाची साल किती हुबेहूब उतरली आहे एवढेच पाहू नये. हे लिंबू चित्रकाराच्या मेजावरचे आहे की दुसऱ्याच्या चित्रातून उचललेले, हेही पाहावे. संग्रहाची खरी किंमत या निवडीत आहे.