पाटी जुनी, बिऱ्हाड नवं

तर झालं असं. मागच्या महिन्यातल्या एका शनिवारी मी एक डिस्क पुसणार होतो. पाचशे जीबीची, जुनी, कुणालाही नको असलेली. दुपारी मित्रांबरोबर सिनेमा ठरलेला, त्यामुळे जरा घाईतच होतो. डीडी कमांड टाइप करून झाली होती, एंटर मारायचं तेवढं बाकी होतं. आणि ती डिस्क जुनी नव्हतीच.

ज्यांचा स्टोरेजशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं आधीपासून सांगतो (बाकीच्यांनी पुढचा परिच्छेद गाळला तरी चालेल). मोठ्या डेटाबेसचा डेटा बहुतेक वेळा सर्व्हरच्या पोटात नसतो, तो वेगळ्या स्टोरेज अ‍ॅरेमध्ये असतो. सर्व्हरपासून तिथपर्यंत फायबरचे एकाहून जास्त रस्ते टाकलेले असतात, कारण एक केबल तुटली म्हणून बँकेचे व्यवहार थांबून चालत नाही. पण चार रस्ते असले की लिनक्सला एकच डिस्क चार वेगवेगळ्या नावांनी दिसते. या चारही मुळात एकच आहेत हे ओळखायचं, त्यांची मोट बांधायची आणि एक रस्ता बंद पडला की वाहतूक दुसऱ्यावर वळवायची, हे काम मल्टिपाथ नावाचं सॉफ्टवेअर करतं. ओळख कशी पटते? प्रत्येक डिस्कला जगात एकमेव असा एक आयडी असतो, डब्ल्यूडब्ल्यूआयडी. तो तिचा आधार नंबर समजा. शिवाय अ‍ॅरेवर तिला एक लन नंबर दिलेला असतो. तो मात्र नुसता फ्लॅट नंबर. भाडेकरू बदलला तरी फ्लॅट नंबर ७ तोच राहतो.

आमच्या घोळाचं मूळ इथेच होतं. दोन सर्व्हरचा क्लस्टर. जुनी पाचशे जीबीची डिस्क सात नंबरवर होती. स्टोरेज टीमने शुक्रवारी ती काढली आणि नवी दोन टीबीची डिस्क त्याच सात नंबरवर लावली. दुसरा सर्व्हर त्या रात्री पॅचिंगसाठी रीबूट झाला होता, त्यामुळे त्याला नवी डिस्क नीट दिसली आणि आमच्या डीबीएने रात्रभर जागून तिच्यावर डेटा भरला. पहिला सर्व्हर मात्र चालूच होता. त्याच्या लेखी सात नंबरवर अजून जुनंच बिऱ्हाड. मधे काही वेळ चारही रस्ते बंद पडले होते, पण नवी डिस्क लागताच सात नंबरवरून पुन्हा उत्तर यायला लागलं. मल्टिपाथने विचारलं, आहात का? आतून आवाज आला, आहोत. झालं! चारही पाथ परत हिरवे. नाव जुनं, आयडी जुना, आकार जुना, सगळं कसं ठणठणीत.

आणि माझ्या तिकिटात लिहिलं होतं: पहिल्या सर्व्हरवरून जुनी डिस्क पुसून टाका.

वाचलो ते हुशारीने नाही. तिकिटाला डिस्कचा आयडी जोडायचा होता आणि सवयीने मी तो मल्टिपाथच्या यादीतून न घेता थेट डिस्कला इन्क्वायरी पाठवून विचारला. आलेला आयडी यादीतल्या आयडीशी जुळेना. आधी वाटलं मीच चुकीच्या विंडोत आहे. मग लॉग उघडला. तिथे शुक्रवारीच कर्नलने लिहून ठेवलं होतं की या टार्गेटवरच्या लनची मांडणी बदलल्याची सूचना आली आहे, आणि लिनक्स ती आपणहून जुळवून घेत नाही. इतकं स्पष्ट. पण सगळं हिरवं दिसत असताना लॉग वाचतो कोण?

तुम्ही म्हणाल, मग सॉफ्टवेअरनेच आपोआप माहिती ताजी करावी की. माझं मत उलट आहे. चालू डेटाबेसच्या पायाखालची डिस्क कर्नलने आपल्या मनाने बदलावी हे मला तरी नको. संशय आला तर पाथ बंद करणं एवढंच त्याने करावं, आणि मल्टिपाथच्या नव्या आवृत्त्यांमध्ये आयडी बदललेला लक्षात आला तर तसं होतंही. (आमची आवृत्ती अर्थातच नवी नव्हती.) खरं दुखणं वेगळं आहे. आपल्याकडे डिस्क लावणं हे काम आहे, डिस्क काढणं हे काम नाही. लावली नाही तर डीबीए डोक्यावर बसतो. काढलेली नीट काढली नाही तर कुणीच ओरडत नाही, सहा महिने, वर्षभर, आणि मग एका शनिवारी ओरडतात.

काढायचा क्रम काही अवघड नाही. आधी फाइल सिस्टिम अनमाउंट, मग मल्टिपाथचा मॅप मोडायचा, मग चारही पाथ कर्नलमधून एकेक करून डिलीट, आणि हे सगळं झाल्यावरच अ‍ॅरेवरून डिस्क काढायची. आमच्याकडे नेमकं शेवटचं काम पहिलं होतं, कारण स्टोरेज टीमची विंडो शुक्रवारी आणि आमची शनिवारी! लन नंबरांचा तर इतका तुटवडा नाही की आज रिकामा झालेला नंबर आजच वापरावा. महिनाभर राहू दे की फ्लॅट रिकामा.

दुसरी शिळी माहिती म्हणजे आपली कॉन्फिग फाइल. मल्टिपाथच्या पोटात हार्डवेअरची एक यादी असते: कुठल्या कंपनीचा कुठला अ‍ॅरे आला की कसं वागायचं. डिस्क इन्क्वायरीत आपली कंपनी आठ अक्षरांत आणि मॉडेल सोळा अक्षरांत सांगते, त्यावरून यादीत जुळणी होते. प्रत्येक आवृत्तीबरोबर ही यादी सुधारत जाते. आणि आपण काय करतो? कुणीतरी कधीकाळी व्हेंडरच्या पीडीएफमधून उचललेला तुकडा वर्षानुवर्षं सर्व्हरवरून सर्व्हरवर चिकटवतो. फाइलमधलं लिहिलेलं यादीवर मात करतं, म्हणजे ताजी माहिती आपणच शिळ्या माहितीखाली गाडतो. आमच्या फाइलमध्ये गेटयूआयडी-कॉलआउट सापडलं, जे केव्हाच मोडीत निघालंय. आरआर-मिन-आयओ सापडलं, ज्याची जागा २.६.३१ पासूनच्या कर्नलमध्ये दुसऱ्याच सेटिंगने घेतली. का आहे म्हणून विचारलं तर उत्तर, "असू दे रे, चालतंय ना." वडिलोपार्जित मालमत्ता असल्यासारखं! मल्टिपाथ डॅश टी चालवलं की पोटातली यादी आणि आपली फाइल मिळून शेवटी काय लागू होतंय ते छापून येतं. दोन मिनिटांचं काम. व्हेंडरच्या आजच्या कागदात एखादं सेटिंग मागितलं असेल तर ते ठेवा, बाकीचं उडवा, असं माझं मत.

एनव्हीएमईवाले हसतील. त्यांचं मल्टिपाथ २०१८ च्या ४.१५ पासून कर्नलमध्येच आहे, आणि बदल झाला की डिव्हाइस स्वतः कळवतं. हसू दे. फायबर चॅनेलचे जुने अ‍ॅरे अजून भरपूर ठिकाणी चालू आहेत आणि पगारही त्यावरच होतात :)

असो. सोमवारी मी तिकिटाच्या टेम्प्लेटमध्ये क्रम बदलला आणि एक ओळ घातली: सर्व्हरवाल्याने चारही पाथ काढल्याचं लिहून दिल्याशिवाय स्टोरेज टीमने डिस्क काढू नये. स्टोरेजच्या मॅनेजरचं म्हणणं पडलं की यामुळे त्यांचं तिकीट दोन दिवस उघडं राहील आणि एसएलए बिघडेल. डीबीएला त्या मीटिंगला मुद्दाम बोलावलं होतं. त्याला अजून सांगितलेलंच नाही की त्याचा रात्रभराचा डेटा एका एंटरवर होता. टेम्प्लेट सध्या मंजुरीसाठी पडून आहे. तोवर डिस्क पुसायच्या आधी मी इन्क्वायरीचा निकाल डीबीएला मेल करतो आणि त्याचं उत्तर आल्याशिवाय कीबोर्डला हात लावत नाही.