मर्यादवेल

अभयारण्य म्हटले की पाहणाऱ्याच्या मनात काही अपेक्षा आधीच तयार असतात. दाट झाडी असावी, पाणवठ्यावर एखादे जनावर दिसावे, निदान एखादा दुर्मिळ पक्षी तरी दुर्बिणीत यावा. समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांचा राखीव पट्टा यांपैकी फारसे काही देत नाही. गोव्यात पेडणे तालुक्यातील मोरजी वा मांद्रे येथे, किंवा दक्षिणेकडे काणकोणातील गालजीबाग येथे जाणाऱ्या पर्यटकाला पुळणीच्या मागे वाळूचे उंचवटे दिसतात आणि त्यांवर पसरलेली एक हिरवी वेल दिसते. तो क्षणभर पाहतो आणि उंचवटा तुडवत समुद्राकडे निघतो. जे जपण्यासाठी तो पट्टा राखायचा, तेच त्याच्या पायाखाली असते, याची त्याला कल्पना नसते.

या दुर्लक्षाला भाषाही थोडीफार जबाबदार आहे. महसुली दप्तरात लागवडीस न येणाऱ्या जमिनीला पोटखराबा म्हणतात. बोलताना तीच पडीक होते. अशी जमीन यंत्राने सपाट केली की ती ‘साफ’ झाली, असे सहज म्हटले जाते. परंतु त्याच मराठीने टेकडीवरच्या त्या वेलीला दिलेले नाव पाहावे. ते आहे मर्यादवेल. भरतीची लाट एरवी जेथवर पोहोचते, त्याच्या किंचित वर ही वेल रुजते. पाने आपट्याच्या पानासारखी दुभंगलेली, फुले जांभळी. समुद्राची हद्द कोठे संपते हे किनाऱ्यावरच्या माणसाने या वेलीवरून ओळखले, आणि नावही तसेच ठेवले.

वास्तविक टेकडी घडते ती या वेलीमुळेच. भर दुपारी पुळणीवरची वाळू कोरडी होते आणि समुद्रावरचा वारा तिचे कण उडवीत जमिनीकडे नेतो. वाटेत वेलीचे जाळे आडवे आले की वाऱ्याचा वेग मंदावतो व कण तेथेच पडतात. वेल वाळूखाली गाडली जाते. पण मरत नाही. तिच्या पेरापेरांतून नवी मुळे व नवे कोंब फुटतात आणि ती पुन्हा वर येते. पुन्हा वाळू साचते, पुन्हा वेल वर येते. असे वर्षानुवर्षे चालले म्हणजे टेकडी उभी राहते. तिच्या आडोशाला, जेथे खारा वारा थोडा कमी झोंबतो, तेथे केवडा आणि झुडपे वाढतात. म्हणून टेकडीला वाळूचा ढीग समजणे ही मूळचीच चूक आहे. ढीग एका दिवसात ओतता येतो. टेकडी वाढावी लागते.

तिचा उपयोग पावसाळ्यात कळतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत नैर्ऋत्येकडून येणाऱ्या उंच लाटा पुळणीची वाळू ओढून उथळ समुद्रात नेतात. पाऊस ओसरल्यावर शांत लाटा तीच वाळू हळूहळू परत आणून टाकतात. एखाद्या वर्षी समुद्र अधिक खवळला, तर तो टेकडीचा पायथा खातो. टेकडी आपल्यातली वाळू देते आणि मागची घरे, माडबने व विहिरी वाचतात. विहिरींचे तर तिच्यावर दुहेरी ऋण आहे, कारण टेकडीत मुरलेले पावसाचे गोडे पाणी खाली असलेल्या खाऱ्या पाण्याला वर येऊ देत नाही. हॉलंडमधील ॲम्स्टरडॅम शहराने १८५३ पासून पिण्याचे पाणी अशाच टेकड्यांतून आणले आणि त्या टेकड्या आजतागायत जपल्या. आपल्याकडे टेकडी हटवून तिच्या जागी खर्चिक दगडी बांध घालण्याची हौस आहे. बांधावर आपटून मागे फिरलेली लाट त्याच्याच पायातली वाळू घेऊन जाते.

२६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तमिळनाडूच्या किनाऱ्याची पाहणी केली. जेथे वाळूच्या टेकड्या आणि वनराई शाबूत होती, तेथे पाण्याचा जोर त्यांनी अडवलेला दिसला. असा पुरावा हाती असताना टेकडीला निरुपयोगी म्हणणे कठीण आहे.

कायद्यानेही तिला निरुपयोगी मानलेले नाही. किनारी क्षेत्राच्या नियमनाची पहिली अधिसूचना १९९१ साली निघाली. २०११ च्या अधिसूचनेत गोव्यासाठी स्वतंत्र तरतुदी आल्या. वाळूच्या टेकड्यांचे सर्वेक्षण करून नकाशे तयार करावेत आणि तेथे कोणतेही काम होऊ देऊ नये, असे तीत म्हटले आहे. मोरजी, मांद्रे, आगोंद व गालजीबाग या किनाऱ्यांचा कासवांच्या विणीची ठिकाणे म्हणून नावानिशी उल्लेख आहे. ऑलिव्ह रिडले जातीची मादी हिवाळ्यात रात्री पुळणीवर चढते, वाळूत खड्डा खणून शंभरएक अंडी घालते व निघून जाते. दीड-दोन महिन्यांनी पिल्ले बाहेर पडतात आणि उजळ दिसणाऱ्या क्षितिजाकडे धावतात. मागे टेकडीची काळी रेघ आणि पुढे चकाकणारा समुद्र, एवढीच त्यांची वाट दाखवणारी खूण. टेकडी सपाट करून तेथे शॅकचे दिवे लावले की ती खूण उलटी होते आणि पिल्ले जमिनीकडे वळतात.

मात्र कायदा इमारतीला अडवू शकतो, पावलाला नाही. रोज शेकडो पावले एकाच वाटेने गेली की वेल तुटते, वाळू उघडी पडते, वारा त्या फटीतून आत शिरतो आणि वाटेचे खिंडार होते. मग टेकडी कोणी न पाडताही ढासळते. झाडे लावू म्हणून सुरूची रोपे लावणे हाही खरा उपाय नव्हे. सुरूच्या गळलेल्या सुयांचा थर जमिनीवर इतका दाट साचतो की त्याखाली मर्यादवेलीला रुजायला जागा उरत नाही. छायाचित्रात सुरूचे बन देखणे दिसते, हे मान्य.

मग सगळा किनारा तारा लावून बंद करावा काय? तसे करणे अन्यायाचे होईल. रापण ओढणाऱ्या मच्छीमाराची होडी टेकडीच्या आडोशालाच ठेवलेली असते आणि त्याची समुद्राकडे जायची वाट पर्यटनाहून कितीतरी जुनी आहे. शॅक चालवणाऱ्याचे वर्ष चार-सहा महिन्यांच्या कमाईवर निभते. मोक्याची जमीन विकणाऱ्या गावकऱ्यालाही केवळ दोष देऊन भागत नाही. टेकडी राखल्याबद्दल त्याला आजवर कोणी काही दिलेले नाही. तेव्हा बंधन पाहुण्यावर असावे. टेकडी ओलांडायला जमिनीपासून उंच अशी एकच लाकडी वाट असावी, तिच्यावरून जाण्याचे माफक शुल्क असावे आणि ते गावाला मिळावे. शुल्क भरावे लागले की माणूस निदान विचारतो तरी, येथे पाहण्यासारखे काय आहे?

त्या पैशातून करण्याजोगे काम फार अवघडही नाही. मर्यादवेलीच्या फांद्या तोडून ओल्या वाळूत खोचल्या तरी रुजतात. हे काम पावसाच्या तोंडाशी करायचे असते. तेव्हा शॅक मोडून ठेवलेले असतात, पर्यटक परतलेले असतात आणि किनाऱ्यावर गावची माणसेच उरलेली असतात.