टाकीतला मका

खामगाव असो, मलकापूर असो की मेहकर, आज पंपावर आपण जे पेट्रोल भरतो त्यात पाचव्या हिश्शापर्यंत इथेनॉल असते. हे प्रमाण आधी 2030 पर्यंत गाठायचे ठरले होते. मग मुदत अलीकडे आणली गेली आणि 2025 मध्ये ते देशभर पोहोचलेही. इथेनॉल पूर्वी मुख्यतः उसापासून बने. आता मक्याचा वाटा मोठा आहे. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात मक्याचे शेतकरी भरपूर. म्हणजे शेतात मका आणि दारात जुनी गाडी असलेल्या घराचा या इंधनाशी दोन्हीकडून संबंध येतो.

वाचकांचे दोन प्रश्न आमच्याकडे वारंवार येतात. पहिला, टाकीत शराब चालते का? इंधनाचे इथेनॉल पिण्यासाठी नसते, जाळण्यासाठी असते. द्राक्ष-खजुरापासून न बनलेल्या अल्कोहोलच्या अशा वापराला आजच्या अनेक हनफी उलेमांनी मुभा दिली आहे. तरीही मनात शंका राहिली तर आपल्या मुफ्तीसाहेबांना विचारावे.

दुसरा प्रश्न खिशाचा आहे. जुन्या गाडीला इथेनॉलचे किट बसवून घ्यावे का?

आधी हिशेब समजून घेऊ. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. एक किलो पेट्रोल जळायला जवळपास 14.7 किलो हवा लागते, इथेनॉलला 9 किलो पुरते. जुन्या कार्बोरेटरची जेट पेट्रोलच्या मापाची असते, म्हणून मिश्रणात हवा जास्त आणि इंधन कमी पडते. गाडी थंडीत लवकर सुरू होत नाही, चढावर दम खाते. इंजेक्शनच्या गाड्या सेन्सरमुळे बऱ्यापैकी जुळवून घेतात. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालाने जुन्या धाटणीच्या चारचाकींचे मायलेज सहा-सात टक्के, तर दुचाकींचे तीन-चार टक्के घटेल असे म्हटले होते. म्हणजे 15 किलोमीटर देणारी गाडी 14 देईल.

पूर्ण रूपांतर ही वेगळी गोष्ट आहे. त्यात नळ्या, पंप, इंजेक्टर आणि संगणकाची जुळणी असे सगळेच बदलावे लागते. ब्राझीलने 1975 पासून हा मार्ग धरला, आणि तिथेही 2003 नंतर कारखान्यातूनच दोन्ही इंधनांवर चालणाऱ्या गाड्या आल्या. पुण्यात 2021 मध्ये शुद्ध इथेनॉलचे पंप प्रयोग म्हणून सुरू झाले. आपल्याला मात्र पंपावर वीस टक्क्यांचेच मिश्रण मिळते. मग शंभर टक्क्यांसाठी खर्च कशाला? शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार मनाला येईल तसा बदल करता येत नाही. मंजूर नसलेले किट बसवले आणि अपघात झाला, तर विम्याचा दावा अडकू शकतो.

आमचा सल्ला साधा आहे. नोंदणी पुस्तकात गाडी कधी बनली ते पाहा. एप्रिल 2023 पासूनच्या गाड्यांचे सुटे भाग या मिश्रणाला चालतील असे बनवलेले आहेत. त्याआधीच्या गाडीच्या रबरी नळ्या, गॅस्केट आणि फिल्टर मिस्त्रीकडून तपासून घ्या; खराब असतील तर इथेनॉलला टिकणारे घाला. किटच्या मानाने हा खर्च किरकोळ आहे. इथेनॉल पाणी ओढते, म्हणून पावसाळ्यात टाकीच्या झाकणाचे रबर चांगले हवे आणि गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवू नये. पाणी वाढले की ते इथेनॉलला घेऊन तळाशी बसते आणि इंजिनाला तेच आधी मिळते.

पेट्रोलचा वास आला तर "नंतर बघू" म्हणू नका. राजूर घाटात मुलाबाळांनी भरलेली गाडी चढते, तेव्हा ती नळी म्हणजे आपल्या हातातली अमानत असते. येत्या जुम्म्याला नमाजनंतर बॉनेट उघडून तेवढी एक नळी बोटाने दाबून पाहा. चिकट लागली, फुगलेली दिसली किंवा तडे दिसले, तर लांबच्या सफरीआधी ती बदला.