कॉलेजं एकत्र होताना मैदानाचं काय? प्रवेशाआधी हे प्रश्न विचाराच

विशेष विश्लेषण

समूह विद्यापीठ, क्लस्टर, विलीनीकरण हे शब्द आता मुंबई-पुण्यापुरते राहिलेले नाहीत. साताऱ्यात २०२१ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ झालं. रयत शिक्षण संस्थेची तीन कॉलेजं त्यात एकत्र आली: छत्रपती शिवाजी कॉलेज, धनंजयराव गाडगीळ कॉमर्स कॉलेज आणि यशवंतराव चव्हाण इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स. त्याआधी २०१९ मध्ये मुंबईत एल्फिन्स्टन, सिडनहॅमसारखी सरकारी कॉलेजं मिळून डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठ झालं होतं.

ही गाडी इथेच थांबणार नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात कॉलेजांची संलग्नता पंधरा वर्षांत टप्प्याटप्प्याने संपवायची आणि प्रत्येक संस्थेत ३,००० किंवा जास्त विद्यार्थी असावेत, असं म्हटलंय. म्हणजे तालुक्याच्या छोट्या कॉलेजला पुढे-मागे स्वायत्त तरी व्हावं लागेल, नाहीतर कुणात तरी सामील व्हावं लागेल.

यावर चर्चा होते ती डिग्री, फी आणि प्राध्यापकांच्या जागांची. खेळाचं कुणी विचारतच नाही. गावाकडच्या पोरा-पोरींसाठी मात्र तोच नोकरीचा रस्ता असतो.

युनिव्हर्सिटीच्या संघाला एवढी किंमत का?

केंद्र सरकारच्या नोकऱ्यांमधल्या खेळाडू भरतीत आंतरविद्यापीठ स्पर्धेत आपल्या विद्यापीठाकडून खेळलेला खेळाडू पात्र धरला जातो. फक्त कॉलेजच्या संघात खेळून ते होत नाही. म्हणून कबड्डी, खो-खो, कुस्ती, धावणे यातली मुलं 'युनिव्हर्सिटी खेळायला' जिवाचं रान करतात.

आता गणित बघा. शिवाजी विद्यापीठात कोल्हापूर, सांगली, सातारा या तीन जिल्ह्यांतली कॉलेजं. आधी विभागीय, मग आंतरविभागीय स्पर्धा आणि त्यातून एक संघ. तीन कॉलेजांचं विद्यापीठ वेगळं झालं की त्याचा संघही वेगळा. तिथल्या मुलाची स्पर्धा तीन जिल्ह्यांशी नाही, तीन कॉलेजांशी. संधी वाढली, हे खरंच.

पण दुसरी बाजूही आहे. जिल्ह्या-जिल्ह्यातल्या तगड्या पोरांशी भिडून जो कस लागतो तो कमी होतो. विद्यार्थी थोडे असले तर प्रत्येक खेळात मुलांचा आणि मुलींचा पूर्ण संघ उभा करणंही सोपं नसतं. आणि संघ पाठवलाच नाही, तर प्रमाणपत्र कुठून येणार?

अमेरिकेत दोन राज्यांत दोन तऱ्हा

विलीनीकरणात खेळाचं काय होतं, हे अमेरिकेत दिसून गेलंय. जॉर्जिया राज्यात सव्हाना शहरातलं आर्मस्ट्राँग स्टेट विद्यापीठ १ जानेवारी २०१८ पासून जॉर्जिया सदर्न विद्यापीठात विलीन झालं. आर्मस्ट्राँगच्या मुलींनी टेनिसमध्ये आपल्या गटाची राष्ट्रीय विजेतेपदं अनेकदा जिंकली होती. तरी त्या कॅम्पसचे सगळे संघ २०१७ मध्येच बंद झाले. इमारती राहिल्या, वर्ग राहिले, संघ गेले.

पेनसिल्व्हेनियात उलट झालं. २०२२ मध्ये तिथली सहा विद्यापीठं मिळून दोन करण्यात आली, पण प्रत्येक कॅम्पसचा संघ वेगळाच ठेवायचं ठरलं. ब्लूम्सबर्ग आणि लॉक हेवन आज एकाच विद्यापीठात आहेत. त्यांचे कुस्तीचे संघ मात्र आपापल्या जुन्या नावाने उतरले. त्यासाठी तिथल्या कॉलेज क्रीडा संघटनेची परवानगी काढावी लागली.

दोन्हीकडे विलीनीकरणच, पण निकाल वेगळा. कारण एका ठिकाणी संघ वाचवायचे असं ठरवलं गेलं, दुसरीकडे नाही. खेळ आपोआप वाचत नाही.

आपल्याकडे हे जसंच्या तसं होणार नाही. आपल्याकडे आंतरविद्यापीठ स्पर्धेत एका खेळात एका विद्यापीठाचा एकच संघ जातो, त्यामुळे कॅम्पसवार संघाची सोय नाही. म्हणूनच निवड कशी होणार आणि मैदान कुणाच्या ताब्यात राहणार, हे कागदावर येणं जास्त गरजेचं आहे.

पालकांनो, हे विचारा

तुमच्या भागातलं कॉलेज समूहात जात असेल, किंवा पोराला अशा ठिकाणी घालायचा विचार असेल, तर प्रवेशाआधी जिमखान्यात जाऊन विचारा:

• विद्यापीठ कोणकोणत्या खेळांचे संघ पाठवतं? मुलींचे किती?
• निवड चाचणी कुठे होते? तिथल्या मैदानावर रोजचा सराव करता येतो का?
• प्रत्येक कॉलेजला स्वतंत्र क्रीडा संचालक राहणार, की सगळ्यांना मिळून एकच?
• जुन्या विद्यापीठाकडून खेळलेल्या मुलांची प्रमाणपत्रं, त्यांची पडताळणी कोण करून देणार?
• क्रीडा शुल्क घेता, ते कशावर खर्च होतं?

उत्तर तोंडी नको, लेखी मागा. माजी खेळाडू आणि तालीम-मंडळांनीही विलीनीकरण ठरायच्या आधीच संस्थेला निवेदन द्यायला हवं. एकदा संघ मोडला की पुन्हा उभा करायला वर्षं जातात, आणि पोराच्या हातात कॉलेजची असतात तीनच, फार तर चार.